अनंताला पाणी कोणी घालायचं

आई, तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला, याचा मला अजून राग आहे.

दहाव्याला रामकुंडावरून ह्यांचा, म्हणजे तुमच्या विलासचा, फोन आला. शिवला गं, ठेवल्या ठेवल्या शिवला, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मागून तुमच्या लेकीचा, सुनंदाताईंचा, रडण्याचा आवाज येत होता, पण ते सुटल्याचं रडणं होतं. शेजारच्यांचे पिंड ताटकळत पडलेले, लोक हात जोडून काय काय कबूल करताहेत, आणि आपल्या आईची मात्र कसलीच इच्छा मागे राहिली नाही. लेकाला-लेकीला याहून दुसरं काय हवं असतं? मी बरं झालं म्हटलं, फोन ठेवला आणि दारातच बसले. काही राहिलं नाही म्हणजे काय हो? आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही तृप्त कशा झालात? मी तर ह्यांना घरून निघताना बजावलं होतं, नाहीच शिवला तर म्हणा, अनंताची काळजी आम्ही घेऊ. बाकी कशात तुमचा जीव अडकणार होता? तो शब्द द्यायची वेळच तुम्ही कोणावर आणली नाहीत.

फाटकातून आत आलं की उजव्या हाताला, तुमच्या खोलीच्या खिडकीसमोर, तुमचा अनंत. माणसाच्या उंचीचं झुडूप, पण तुम्ही त्याचा तोरा असा ठेवलात की आल्यागेल्यानं आधी त्याची चौकशी करावी आणि मग घरातल्यांची. कळवणला तुमच्या आईच्या परसात तो होता. त्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून तुम्ही नाशिकला आणलीत. तेव्हा आपल्या कॉलनीत मोजकीच घरं होती म्हणे. पुढे कळवणचं घर विकलं गेलं आणि परसाच्या जागी दुकानांचे गाळे झाले. तुमच्या आईच्या हातचं म्हणावं असं एवढंच उरलं.

त्यात आपली ही काळी माती आणि बोअरचं जड पाणी. अनंताला दोन्ही सोसत नाही. पानं पिवळी पडायला लागली की तुम्ही आंबट ताक पातळ करून त्याच्या आळ्यात ओतायचात. ताक मी घुसळायचं, मी आंबवायचं, आणि आळ्यापर्यंत न्यायचं मात्र तुम्ही. पाणी ऊन वर यायच्या आत. बुंध्यावर नाही, कडेकडेनं. त्याच्याही आधी मातीत बोट खुपसून ओल बघायची. कारण अनंताचं दुखणं एकच. चैत्रात पीळ घातलेल्या हिरव्या कळ्या भरभरून धरतो आणि मनाविरुद्ध काही झालं की उमलायच्या आधीच टाकून देतो. कळ्यांच्या दिवसांत आपल्या घरात मोठ्यानं बोलायचीसुद्धा चोरी. तुम्ही उठल्यावर आधी झाडाखालची जमीन बघायचात, आणि मी तुमचं तोंड बघायचे. जमीन स्वच्छ असली तर दिवस बरा जायचा.

लग्नानंतरचा माझा तो पहिलाच उन्हाळा. सुनंदाताईंच्या दुसऱ्या बाळंतपणाला तुम्ही चांदवडला गेलात आणि जाताना झाड लेकावर सोपवलंत. तुमचा लेक तुम्हाला माहीत. त्यांना स्वतःचं बनियन कुठं असतं ते ठाऊक नसतं, झाडाचं पाणी कुठून आठवणार? अनंतानं मान टाकली. मला तेव्हा अडचण होती. पण मी दिंडोरीची, द्राक्षाच्या बागेत वाढलेली. आमच्याकडे घड औषधात बुडवायला बायका येतात, त्या काय तारखा बघून येतात? बाग पिकायची तशी पिकतेच. मी दोन बादल्या पाणी नेऊन ओतलं. दुसऱ्या दिवसापासून कळ्या गळायला लागल्या, आणि तुम्ही परत आलात तेव्हा झाडाखाली त्यांचा सडा पडला होता.

हातातली पिशवीसुद्धा तुम्ही खाली ठेवली नाहीत. पाणी कोणी घातलं, विचारलंत. मी म्हटलं, मी. तेव्हा तुझे दिवस होते का, असं सरळच विचारलंत. खोटं बोलता आलं असतं. पण दिंडोरीचं पाणी ते, म्हटलं होते, आणि वर हेही म्हटलं की आमच्याकडे असलं काही बघत नाहीत.

"द्राक्ष वेगळं, अनंत वेगळा," तुम्ही म्हणालात. "यापुढं त्या झाडाला हात लावायचा नाय. चार दिवस नाय, कधीच नाय. तू पाळत नाहीस, मग मला कळणार कसं?"

राग आला की तुमची कळवणची बोली अशी वर यायची. मला त्या दिवशी हसू नाही आलं.

बाकी घरात तुम्ही असलं काही मानत नव्हतात, हेच तर मला समजायचं नाही. स्वयंपाकघरात मी महिनाभर असायचे, चारही दिवस धरून. लोणच्याच्या बरणीला हात लागला तरी तुम्ही बघून न बघितल्यासारखं करायचात. शाळेच्या लायब्ररीत मला नोकरी मिळाली तेव्हा हे कां-कू करत होते. पोळ्या मी लाटीन, तिला जाऊ दे, असं तुम्ही त्यांना ठणकावलंत. आणि लाटल्यात, गुडघे धरेपर्यंत उभ्यानं लाटल्यात. रेवा झाली तेव्हा तिला पायावर घेऊन न्हाऊ घातलंत, आणि मला रात्री झोप मिळावी म्हणून तिला आपल्या कुशीत घेऊन निजलात. मी मैत्रिणींत सासूचं कौतुक करायचे आणि संध्याकाळी घरी येताना त्या झाडाच्या बाजूनं अंग चोरून आत शिरायचे. एवढी मोकळी बाई एका झुडपापाशी येऊन का अडते, हे मी कितीदा विचारलं असेल. कधी तुम्ही हसण्यावारी नेलंत, कधी उठून गेलात. एखाददुसरी कळी खाली पडली, ती कुठल्याही अनंताची पडते, की आज कोण गेलं होतं तिकडून, हे ठरलेलं. सावली पडली असेल, म्हणायचात. आता सावलीला मी काय करणार? ती घरी ठेवून नोकरीला जायची सोय नव्हती.

चिडून एकदा मी नर्सरीतून माझा स्वतःचा अनंत आणला. कुंडीत लावून गच्चीवर ठेवला, तुमच्या नजरेपासून लांब. स्लॅब तापायची आणि कुंडी चुलीवरच्या भांड्यासारखी चटके द्यायची. एका दुपारी मी कामावरून लवकर आले, तर कुंडी पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकवलेली आणि तुम्ही जिन्यात बसून गुडघा चोळत होतात. तो अनंत काही जगला नाही. तो वाळला त्या दिवशी मी तुमच्या टोमण्याची वाट बघत होते, पण तुम्ही एवढंच म्हणालात की गच्चीवर अनंत जगत नाय. माझ्या हाताचं नाव काढलं नाहीत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते, ते आत्ता मानते.

माझ्यावर विश्वास नव्हता, पण माझ्या बापावर होता. आप्पा दर फाल्गुनात द्राक्षाची पेटी घेऊन यायचे. एकदा तुम्ही त्यांना विचारलंत, मणी गळू नयेत, फुगावेत म्हणून घड कशात बुडवता. आप्पांनी पुढच्या खेपेला औषधाची बारकी बाटली आणून दिली आणि हे द्राक्षाचं आहे, अनंताचं मला ठाऊक नाही, असंही सांगितलं. ते तुम्ही ऐकलंच नाहीत. फुलपात्रात औषध कालवून, स्टुलावर बसून एकेक कळी त्यात बुडवत राहिलात, अगदी आमच्या बागेतल्या बायकांसारख्या. मी खिडकीतून बघत होते. आई, नका करू, फांद्या वेड्यासारख्या वाढतील, हे ओठांवर आलं होतं. पण हात लावायचा नाही तर तोंड तरी कशाला घालू, म्हणून गप्प बसले. व्हायचं तेच झालं. शेंडे ताडमाड वाढले, पानं फिकी पडली, कळ्या गळायच्या त्या गळल्याच. तुमच्या दिंडोरीचं औषधच वाईट, तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, औषधाला अडचण असेल. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, ओठ घट्ट मिटलेत आणि पदर तोंडाला लावून आत गेलात. तुम्ही हसत होतात, आई. मला बाहेर आवाज येत होता. आणि तरी पुढे आठवडाभर माझ्याशी अबोला धरलात.

रेवा मोठी व्हायला लागली तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. मी सून. मला बोललेलं मी गिळलं, वेळेला उलट बोलून मोकळीही झाले. पण तुझ्या हातानं कळ्या गळतात असं आजीनं सांगितलं, तर पोरगी ते जन्मभर विसरणार नाही, हे मला कळत होतं. ती सातवीत होती. एक दिवस शाळेतून लवकर घरी आली, घाबरलेली. तिला जवळ घेतलं, समजावलं, झोपवलं आणि मग मी तुमच्या खोलीत आले. तुम्ही वाती वळत होतात. मी दार लावून घेतलं.

"रेवाला झाडाचं काही सांगायचं नाही," मी म्हटलं. "सांगितलंत, तर मी ते मुळासकट उपटून टाकीन."

तुमच्या हातातली वात अर्धीच वळलेली राहिली. मला वाटलं, आता या घरात आपण दोघी एकत्र राहत नाही. तुम्ही खिडकीबाहेर झाडाकडे बघितलंत.

"खरं-खोटं मला नाय माहीत, सुरेखा," तुम्ही म्हणालात. "मला भीती वाटते."

कशाची, ते सांगितलं नाहीत, पण मला समजलं. ते झाड गेलं की कळवण गेलं, तुमची आई गेली. मग माझा राग उतरायला हवा होता, तो उतरला नाही. भीती तुमची आणि भोगायचं आम्ही, हा कुठला न्याय? हे मला तिथल्या तिथं विचारायचं होतं. तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही, आणि मग ते राहूनच गेलं.

रेवाला तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या आधी उठायला लागलात. तिला जाग यायच्या आत सगळी फुलं तोडून झालेली असायची. देवाची परडीत, आणि एक, त्यातल्या त्यात मोठं, वाटीत पाणी घालून तिच्या अभ्यासाच्या टेबलावर. अनंत फुलत असेल तोवर रोज. तिला झाडापाशी जायचं कारणच उरू नये, अशी तुम्ही व्यवस्था केलीत. ती मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, माझी आजी मला रोज फूल देते. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे आणि विचार करायचे, हे प्रेम आहे की कुंपण? मला आजही ठरवता येत नाही. टेबलावरचं फूल मात्र कधी शिळं नसायचं.

या चैत्रात तुम्ही अंथरूण धरलंत. खाट खिडकीशी ओढून घ्यायला लावलीत आणि आतून हुकूम सोडायचात: विलास, बुंध्यावर नको. विलास, कडेनं घाल. मी औषध द्यायला आले की आपण दोघी बाहेर बघत बसायचो. यंदा कधी नव्हत्या एवढ्या कळ्या धरल्या होत्या. एका सकाळी ह्यांना कामावर लवकर जावं लागलं आणि पाणी राहिलं. मी तुमच्या उशाशी उभी होते. तुम्ही झाडाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मी श्वास धरून वाट बघत होते, आई. तू घाल, एवढं नुसतं म्हणा, मी पळत जाते. तुमचे ओठ हललेसुद्धा. मग तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, संध्याकाळी विलास घालेल. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

घर माणसांनी भरलं. सुतकात देवपूजा बंद, फुलं तोडायची नाहीत, त्यामुळे उमललेली फुलं झाडावरच पिवळी पडत गेली. सगळ्यांचं येणं-जाणं त्याच्या अंगावरून, पण पाण्याचं कोणाच्या ध्यानात नाही. मी चहाच्या आणि जेवणाच्या रगाड्यात. ध्यानात आलं तेव्हा ह्यांना सांगितलं, ते हो म्हणाले आणि विसरले. बादली मला उचलता आली असती. पण मला परवानगी नव्हती, आणि ती द्यायला आता कोणी नव्हतं. मी रोज ठरवायचे, आणि रोज तुमच्या खिडकीकडे बघून परत फिरायचे.

दहाव्याच्या दिवशी सकाळीच मला अडचण आली. सुनंदाताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मग तू घाटावर येऊ नकोस. घरात मी आणि रेवा, दोघीच उरलो.

तर तो फोन आल्यावर मी दारात बसले, तेव्हा समोर तुमचा अनंत होता. पानं मलूल, आणि खाली जमिनीवर कळ्याच कळ्या. काही हिरव्या होत्या, आदल्या दिवशीच्या. पण कितीतरी वाळून पार तपकिरी झालेल्या, म्हणजे माझी अडचण यायच्या आधीच केव्हातरी गळलेल्या. तुम्ही गेल्यापासून त्या झाडाला कोणी हात लावला नव्हता. मी नाही, रेवा नाही, कोणीच नाही. सावलीचं म्हणाल तर ती अख्ख्या कॉलनीची पडली होती.

मी खाली बसून एकेक कळी वेचली. पदर भरला. इतकी वर्षं मला जे तुम्हाला दाखवायचं होतं ते माझ्या पदरात होतं, आणि मी, आई, तो पदर सावरत चक्क तुमच्या खोलीकडे निघाले. झपाझप, आज सोडायचंच नाही अशा तोऱ्यात. दारात गेल्यावर आठवलं. खाटेवरची गादीसुद्धा कोणीतरी उचलून नेली होती. तिथं मी तुमच्यासाठी पहिल्यांदा रडले. तोवर रडले नव्हते, बायका आपसात त्यावर कुजबुजतही होत्या. कुजबुजू देत मेल्या, असं मनात म्हणून कामं करत होते. त्या रिकाम्या खाटेची लोखंडी पट्टी धरून मात्र रडत राहिले.

रेवा मागे येऊन थांबली होती. मी घालू का पाणी, तिनं हळूच विचारलं. तिला तुम्ही कधी काही सांगितलं नव्हतं, मीही नाही, तरी पोरगी परवानगी मागत होती. म्हणजे तिला सगळं माहीत होतं, केव्हापासून कोण जाणे. आपण दोघींनी तिच्यासाठी एवढं भांडून, एवढं सांभाळून काय साधलं? मी डोळे पुसले आणि म्हटलं, थांब, ऊन उतरू दे. शेवटी तुमचाच नियम.

ऊन उतरेपर्यंत सगळे परत आले आणि ओट्यावर टेकले. मी त्यांच्यादेखत बादली भरली.

"सुरेखा, आज नको गं," सुनंदाताई म्हणाल्या. "आज तुला…"

"आजच," मी म्हटलं.

दोन बादल्या नाही ओतल्या, एवढं तुम्हाला बघून बघून शिकले होते. आधी मातीत बोट खुपसलं. बोट आत जाईना, एवढी माती कडक झालेली. मग कडेकडेनं थोडं पाणी, ते मुरू दिलं, पुन्हा थोडं. शेवटचा तांब्या रेवाच्या हातात दिला. तिनंही तो कडेकडेनंच घातला. सुनंदाताई उठून आत गेल्या आणि तेराव्यापर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांची आई गेली होती.

काल तेरावा झाला. आज सकाळी उरलेल्या कळ्यांतली एक उमलली. रेवानं ती स्वतः तोडली, वाटीत पाणी घातलं आणि तुमच्या खिडकीत नेऊन ठेवली. तिच्या शेजारी मी गळलेल्या कळ्यांचं तबक ठेवलंय. फेकवत नाहीत.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. सुतक होतं ना घराला, मग गळणारच. म्हणाल, आणि वर माझ्याकडे बघणार नाही. पण या वेळी माझ्याकडे उत्तर आहे, आई. सुतकानं नाही आणि विटाळानं तर नाहीच नाही. त्या उन्हाळ्यात तुम्ही चांदवडला होतात, आणि आता तुम्ही नाही. दोन्ही वेळा रोज सकाळी मातीत बोट खुपसून बघणारं माणूस घरात नव्हतं, म्हणून गळल्या.

आता बोला.